एग्मोरचा दफ्तरखाना आणि एकत्रीकरणाचा हिशेब

मुंबईकडून चेन्नईला जाणाऱ्या मराठी माणसाची ओळख बहुधा सेंट्रल स्थानकाशी होते. एग्मोर हे त्याच्या दृष्टीने दुसऱ्याचे स्थानक. तंजावर, कुंभकोणम, तिरुचिरापल्ली, मदुराई अशा दक्षिणेकडच्या गाड्यांचे. साउथ इंडियन रेल्वेने बांधलेली ही इमारत १९०८ साली सुरू झाली. तिच्यासमोरून जाणाऱ्या रस्त्याला आज गांधी-आयर्विन यांचे नाव आहे. एका तडजोडीचे नाव रस्त्याला देणारी शहरे थोडी असतील. मला ते नाव नेहमीच आवडत आले आहे. याच रस्त्यावर, स्थानकापासून हाकेच्या अंतरावर, लाल विटांची एक इमारत आहे. स्थानकानंतर वर्षभराने, १९०९ साली, ती मद्रास सरकारच्या दफ्तरासाठी उघडली. तेव्हा तिला मद्रास रेकॉर्ड ऑफिस म्हणत. आज ते तमिळनाडू राज्याचे पुराभिलेखागार आहे.

२००९ साली मी एका शासकीय बैठकीसाठी चेन्नईत गेलो होतो आणि माझी उतरण्याची व्यवस्था एग्मोरमध्ये झाली होती. बैठकीचा विषय तेव्हा प्रत्येक राज्यात चालू होता तोच. विभागोविभागी पसरलेले संगणक कक्ष बंद करून सर्व माहिती एका मध्यवर्ती केंद्रात आणावी की नाही, आणि आणायची तर कोणत्या हिशेबावर. राष्ट्रीय ई-प्रशासन आराखडा २००६ च्या मे महिन्यात मंजूर झाला होता. त्यातील राज्य डेटा सेंटरच्या योजनेला २००८ च्या जानेवारीत १,६२३ कोटी रुपयांची, पाच वर्षांसाठीची, मान्यता मिळाली होती. आमच्या राज्याच्या वतीने अशाच एका प्रस्तावाचे आर्थिक मूल्यांकन करणाऱ्या समितीत मी वित्त विभागाच्या बाजूने बसत होतो. कार्यालयीन इंग्रजीत ज्याला ‘बिझनेस केस’ म्हणतात तो दोनशे पानांचा दस्तऐवज माझ्या पिशवीत होता, आणि तो मला पटावा की पटू नये याविषयी माझे मत अजून ठरत नव्हते.

दुपारची बैठक रद्द झाली. मी रस्ता ओलांडून त्या लाल इमारतीकडे गेलो. पूर्वपरवानगीशिवाय कागद पाहता येत नाहीत हे मला ठाऊक होते; पण मला कागद पाहायचेच नव्हते. माझ्या पिशवीतील प्रस्ताव जे करू पाहत होता तेच काम शंभर वर्षांपूर्वी, लाकडी मांडण्या आणि कापडी बस्ते घेऊन, याच ठिकाणी झाले होते, हे तिथल्या पायरीवर उभे असताना प्रथमच माझ्या ध्यानात आले. त्या दिवसापासून हा विषय मनातून गेला नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना त्यात विशेष रुची वाटेल असे मला वाटते, कारण या कथेत आपली माणसे जागोजागी भेटतात.

प्रथम मद्रासचे पाहू. सेंट जॉर्ज किल्ल्यात कंपनी सरकारचा कारभार वाढत गेला तसे सार्वजनिक, महसुली, न्याय, लष्करी असे विभाग पडले आणि प्रत्येक विभागाने आपापले कागद आपापल्या खोलीत ठेवले. १८०५ साली गव्हर्नर लॉर्ड विल्यम बेंटिंक यांनी सचिवालयाचे हे विखुरलेले दफ्तर एकत्र आणण्याची व्यवस्था केली. हे पहिले एकत्रीकरण. पुढची शंभर वर्षे कागद वाढत राहिले, खोल्या वाढल्या नाहीत, आणि अखेर एग्मोरला स्वतंत्र इमारत उभी राहिली. तिला अभिरक्षक नेमला गेला. १९११ पासून दहाएक वर्षे ते काम हेन्री डॉडवेल यांनी केले. आनंद रंग पिल्ले यांच्या रोजनिशीच्या इंग्रजी आवृत्तीचे संपादक आणि पुढे लंडनला प्राध्यापक झालेले गृहस्थ ते हेच. त्यांच्यानंतर काही काळाने डॉ. बी. एस. बाळिगा यांनी हे दफ्तर दीर्घकाळ सांभाळले. या दोघांची नावे मी मुद्दाम घेतो. कागद गाडीत घालून किल्ल्यातून एग्मोरला आणणे हे हमालांचे काम होते. त्या कागदांतून हवा तो कागद पाच मिनिटांत निघावा अशी सूची करणे हे डॉडवेल-बाळिगांचे काम होते, आणि त्याला आयुष्ये लागली. माझ्या पिशवीतल्या प्रस्तावात हमालीला चाळीस पाने होती, सूचीला दीड.

एग्मोरच्या कागदांचा आरंभ १६७० च्या सुमारास होतो. इंग्रजांनी मद्रासला पाय रोवला तो १६३९-४० मध्ये. मग मधल्या तीस वर्षांचे काय? ती आपल्याला बरीचशी माहीत आहेत, पण ती एग्मोरमुळे नव्हे. कंपनीचा एक दंडक होता. वखारीतील कामकाजाची नोंद व पत्रव्यवहार यांच्या नकला लंडनला पाठवायच्या, आणि त्याही एकाच जहाजाने न पाठवता वेगवेगळ्या जहाजांनी पाठवायच्या. एक जहाज बुडाले तर दुसरे पोहोचेल, हा त्यातला साधा विचार. विल्यम फॉस्टर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी १६१८ ते १६६९ या काळातील इंग्रज वखारींचे खंड प्रसिद्ध केले ते मुख्यतः लंडनला जमलेल्या अशा कागदांवरून. व्यापारी कंपनी ती. एका कागदाची दोनदा नक्कल करायला किती खर्च येतो हे तिला चांगले कळत होते. तरीही तो खर्च तिने अनावश्यक मानला नाही.

आता थोडे पुण्याकडे वळू, कारण एकत्रीकरणाचा विचार पुण्याला सोडून करता येत नाही.

पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे दोन मुख्य भाग होते : चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. चालत्या दफ्तरात रोजच्या घडामोडींचे, फडाचे, पागा-शिबंदीचे कागद; एकबेरजेत सर्व खात्यांचे हिशेब येऊन त्यांचे तर्जुमे आणि खतावण्या होत. ‘एकबेरीज’ हा शब्दच पाहा. एकत्रीकरणाला याहून नेमका मराठी शब्द मला सुचत नाही. नाना फडणिसांच्या काळात या दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून राबत आणि त्याची शिस्त अशी होती की, १८१८ नंतर त्याचा ताबा घेणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही तिची वाखाणणी केली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ती शिस्त ढासळली, हेही त्यांनीच नमूद केले.

परंतु हुजूर दफ्तर हे एकमेव दफ्तर नव्हते, आणि माझ्या मते मराठी कारभाराचे खरे शहाणपण इथे आहे. गावाचा हिशेब कुलकर्ण्याच्या रुमालात, परगण्याचा देशपांड्याकडे, आणि त्या सर्वांची एकबेरीज पुण्याला. तीन ठिकाणी तीन हात. कुलकर्ण्याने लबाडी केली तर देशपांड्याच्या कागदावरून ती उघडी पडे. देशपांड्याने केली तर हुजूरच्या. ही व्यवस्था फार प्रामाणिक होती असे माझे म्हणणे नाही. वतनदारांच्या लबाड्यांनी आपला इतिहास भरलेला आहे. पण एका ठिकाणचा कागद जळाला म्हणजे सगळेच संपले, अशी स्थिती मात्र तिच्यात नव्हती. १८२८ च्या आगीत शनिवारवाडा भस्मसात झाला. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, पानिपतच्या आधीच्या दशकाचा पत्रव्यवहार लोकांपुढे ठेवला, तो वाईच्या एका खाजगी घरातल्या दफ्तरावरून. नाना फडणिसांचे कागद मेणवलीच्या वाड्यात होते. जे विखुरलेले होते ते पुष्कळसे वाचले.

इंग्रजांनी पुण्याचे दफ्तर ताब्यात घेतले ते इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. त्याचा त्यांना उपयोग होता, आणि त्या उपयोगाचे नाव इनाम कमिशन. दक्षिण महाराष्ट्रात १८४३ पासून इनामांची चौकशी सुरू झाली, १८५२ च्या अकराव्या कायद्याने तिला कायदेशीर बळ मिळाले. इनामदाराने आपली सनद आणावी, दफ्तरातील नोंदीशी ती ताडून पाहिली जावी, मेळ बसला नाही तर इनाम खालसा. सुमारे वीस हजार इनामे अशी जप्त झाली, असे इतिहासकार सांगतात. म्हणजे दफ्तर सांभाळण्याचा खर्च आणि त्यातून सरकारी तिजोरीत पडलेली रक्कम यांची तुलना केली तर ते एकत्रीकरण विलक्षण फायद्याचे ठरते! आजचा कोणताही सल्लागार अशा परताव्याचे आकडे सोनेरी अक्षरांत छापेल. मात्र त्या ताळेबंदात इनामदाराच्या घरचे नुकसान कुठल्याही रकान्यात येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीची सनद वाळवीने खाल्ली होती, हे त्याचे म्हणणे खरे असले तरी ताडून पाहण्याचा कागद सरकारच्या हाती, आणि निकालही सरकारचाच.

शिवाय ज्यांचा तो इतिहास होता त्यांनाच त्या दफ्तराचे दार बंद राहिले. १८९१ साली पुण्यात त्यासाठी इमारत झाली, कागद सुरक्षित झाले. पण संशोधकांना मोकळेपणाने आत जाता येईना. गणेश चिमणाजी वाड यांच्यासारख्या मोजक्यांनी उतारे काढले. यदुनाथ सरकारांच्या आग्रहामुळे अखेर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे काम आले आणि १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले. ताबा घेतल्यापासून एकशे बारा वर्षांनी पहिला खंड. एका कुलुपाची सोय फार असते, पण किल्ली कोणाकडे हे आधी विचारावे लागते.

तंजावरचे उदाहरण तर एग्मोरला अगदी लागून आहे. २९ ऑक्टोबर १८५५ रोजी राजे शिवाजी वारले, पुत्र नव्हता, आणि कंपनीने राज्य संपल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात कमिशनर फोर्ब्स याने सैन्यासह राजवाडा ताब्यात घेऊन मोहरबंद केला. खाजगी आणि सरकारी मालमत्ता असा भेद न करता सर्वच घेतले. राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. मद्रासच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला, पण १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला : हे राज्यसंस्थेचे कृत्य आहे, न्यायालयाला त्यात अधिकार नाही. १८६२ मध्ये खाजगी मालमत्ता सरकारने कृपा म्हणून परत केली. हक्क म्हणून नव्हे.

या सगळ्या व्यवहाराचा इंग्रजी अर्धा भाग, म्हणजे रेसिडेंटांचा आणि कमिशनरचा पत्रव्यवहार, मद्रास सरकारच्या दफ्तरात. मराठी अर्धा भाग, म्हणजे राजवाड्याचे मोडी कागद, मुख्यतः तंजावरला. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांची शेकडो गाठोडी आहेत. तमिळ विद्यापीठाने १९८० च्या दशकात त्यांतील कागदांची तमिळ भाषांतरे खंडरूपाने प्रसिद्ध केली, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते. मोडीतून तमिळमध्ये गेलेले मराठी कागद पुन्हा मराठीत आणायला आज आपल्याला तमिळ शिकावे लागेल, असा हा गमतीचा, आणि थोडा लाजेचाही, प्रकार आहे. त्या ‘एकत्र’ आणलेल्या दफ्तरात एकत्र आला तो राज्यकर्त्यांच्या भाषेतला अर्धा भाग. दुसरा अर्धा भाग वाचणारी माणसे कमी होत गेली.

वाचणारी माणसे एके काळी मात्र भरपूर होती. मद्रास इलाख्याच्या अनेक जिल्ह्यांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महसुलाचे हिशेब मराठीत ठेवले जात. फ्रायकेनबर्ग यांनी गुंटूर जिल्ह्यावर १९६५ साली लिहिलेल्या ग्रंथात त्या जिल्हा कचेरीतील देशस्थांच्या जाळ्याचे सविस्तर वर्णन आहे. कलेक्टर बदलत, शिरस्तेदार आणि त्याचे सगेसोयरे कायम. आणि हिशेबाची लिपी अशी की कलेक्टरला ती वाचता येऊ नये. अभिमानाने सांगण्यासारखी ही गोष्ट मुळीच नाही. ज्याला दफ्तर वाचता येते तोच जिल्हा चालवतो, एवढे मात्र तिच्यातून कळते. कुंभकोणमला जन्मलेले सर टी. माधवराव १८४९ मध्ये मद्रासच्या महालेखापालांच्या कचेरीत नोकरीला लागले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोद्याचे दिवाण झाले, ते याच दक्षिणी मराठी परंपरेतले. आजही तमिळनाडूच्या महसूल खात्यात ‘जमाबंदी’ दरवर्षी होते आणि ‘फसली’ साल मोजले जाते; तालुका कचेरीत हे शब्द ऐकले की आपल्या तलाठ्याची आठवण होते.

असो. माझ्या पिशवीतल्या प्रस्तावाकडे येतो.

तो प्रस्ताव वाईट नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. काही डझन कार्यालयांत प्रत्येकी एक वातानुकूलित खोली, तिच्यात दिवसभर जेमतेम काम करणारे सर्व्हर, बॅटऱ्या सुजलेल्या, देखभालीचा करार संपलेला, आणि किल्ली शिपायाकडे. अशा खोल्या मी स्वतः पाहिल्या होत्या. एका खोलीत सर्व्हरच्या वर कोणीतरी जुन्या नस्त्यांचे गठ्ठे ठेवले होते. वीज, जागा, परवाने आणि मनुष्यबळ यांची बचत खरी होती. एका ठिकाणी आणल्यास पहारा चांगला ठेवता येतो, हेही खरे होते. विखुरलेपणाची स्तुती करताना आपण विसरतो की, मराठी कागदांतील जे वाचले ते आपल्याला दिसते. जे माळ्यावर पावसात भिजून गेले त्याची मोजदाद कोणाकडेच नाही. मध्यवर्ती दफ्तर नसते तर आपल्या हाती फार थोडे राहिले असते.

माझे आक्षेप हिशेबाच्या मांडणीवर होते. बचतीचा सर्व आकडा जुन्या खोल्या बंद होण्यावर उभा होता, आणि त्या बंद होतील याची हमी कोणी घेतली नव्हती. या बाबतीत अमेरिकेचा अनुभव पुढे फार बोलका ठरला. तिथे २०१० मध्ये केंद्र सरकारची डेटा सेंटरे कमी करण्याची मोहीम निघाली. १९९८ मध्ये ४३२ असलेली संख्या अकराशेवर गेली, हे तिचे कारण. प्रत्यक्ष मोजणी सुरू झाल्यावर आणि व्याख्या बदलल्यावर काही वर्षांतच ती दहा हजारांवर पोहोचली! बंद करायला निघालेल्यांना आपल्याकडे किती आहे हेच माहीत नव्हते. आपल्याकडे मोजणी झाली तर काय निघेल, याचा अंदाज करण्याचे धाडस मी करत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल होता. खर्चाच्या बाजूला यंत्रे, इमारत, वीज, पगार होते. धोक्याच्या बाजूला एक परिच्छेद होता. पूर्वी एका खोलीतील बिघाडाने एक कार्यालय बंद पडे. आता एका खोलीतील बिघाडाने सर्व बंद पडणार. बिघाडाची शक्यता कमी होते हे मान्य, पण बिघाडाची किंमत किती पटींनी वाढते, हे कोणी लिहीत नव्हते. मी टिपणीत सेंट लुईसचे उदाहरण घातले. अमेरिकेने आपल्या सैनिकांच्या सेवापुस्तिका तेथील एका भव्य इमारतीत एकत्र केल्या होत्या. इमारतीत पाण्याचे फवारे नव्हते. १२ जुलै १९७३ रोजी लागलेल्या आगीत एक कोटी साठ ते ऐंशी लाख सेवापुस्तिका नष्ट झाल्या. त्यांची दुसरी प्रत नव्हती, सूक्ष्मपट नव्हता, धड सूचीही नव्हती. काय जळाले याची यादीसुद्धा करता येईना. निवृत्तिवेतनासाठी आलेल्या माजी सैनिकालाच सरकार विचारू लागले, तुमच्याजवळ काही कागद आहे का?

एग्मोरहून परतल्यावर मी तीन अटी सुचवल्या. स्थलांतरापूर्वी प्रत्येक कार्यालयाने आपल्याकडे काय आहे याची सूची करावी आणि ती त्या कार्यालयातल्या जुन्या कारकुनाने तपासावी. संपूर्ण दुसरी प्रत वेगळ्या शहरात असावी. आणि वर्षातून एकदा, ठरवून, मुख्य केंद्र बंद आहे असे धरून त्या दुसऱ्या प्रतीवर एक पूर्ण दिवस कामकाज चालवून दाखवावे. दुसरी अट सुचवताना माझ्या डोळ्यांपुढे १९४२ होते. जपानी हल्ल्याच्या धास्तीने मद्रास शहर त्या एप्रिलमध्ये रिकामे होऊ लागले तेव्हा एग्मोरचे दफ्तरही आतल्या बाजूला, चित्तूरकडे, हलवावे लागले होते. शतकानुशतकांचे कागद युद्धकाळात गाड्यांवर घालून न्यावे लागणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. दुसरी प्रत आधीच आत असती तर ती यातायात पडली नसती.

पहिल्या दोन अटी मान्य झाल्या. तिसरीसाठी लेखाशीर्ष नव्हते. एक दिवस कामकाज दुसरीकडे चालवण्याचा खर्च भांडवली की महसुली, यावर दोन बैठका झाल्या आणि शेवटी ती ‘यथावकाश विचारार्थ’ ठेवली गेली. प्रशासनातल्या माणसाला या दोन शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. मी त्या अंतिम टिपणीवर सही केली. भिन्नमत नोंदवता आले असते, नोंदवले नाही. प्रकल्प मार्गी लागावा असे मलाही वाटत होते, आणि बढतीचा विचार मनात नव्हताच असे म्हणणे खोटे होईल.

पुढे काही वर्षांनी, मी दुसऱ्या पदावर असताना, एका केंद्रात साठवणीच्या यंत्रात बिघाड झाला. बहुतेक कार्यालयांची माहिती दुसऱ्या प्रतीवरून दोन-तीन दिवसांत परत आली. एका कार्यालयाची आली नाही. त्याची प्रत रोज रात्री नियमाने घेतली जात होती, त्याचा अहवालही रोज हिरव्या अक्षरांत येत होता; पण मधल्या एका बदलानंतर सुमारे सात महिने त्या प्रतीत रिकामे तक्ते जात होते. कोणी उघडून पाहिले नव्हते. वर्षातून एक दिवस जरी त्या प्रतीवर काम केले असते तरी पहिल्या तासात कळले असते. त्या तक्त्यांत निराधार वृद्धांच्या मासिक वेतनाच्या नोंदी आणि हयातीचे दाखले होते.

त्यांतल्या एका तालुक्यातील आजी माझ्या कार्यालयापर्यंत आल्या होत्या, हे मला नंतर कळले. मी दौऱ्यावर होतो. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत पोस्टाचे पासबुक आणले होते आणि माझ्या स्वीय सहायकाला त्या एकच विचारत होत्या, “बाबा, मी जिवंत आहे हे आता कुणाला सांगू?” चार महिने त्यांना पैसे मिळाले नव्हते.

नोंदी अखेर सापडल्या, त्या सरकारी आदेश मोडला गेल्यामुळे. संगणकीकरण पूर्ण झाल्यावर हस्तलिखित नोंदवह्या बंद कराव्यात, असे परिपत्रक निघाले होते. त्या तहसिलीतल्या एका अव्वल कारकुनाने ते मानले नव्हते. दर महिन्याच्या वाटपानंतर तो आपल्या हिशेबाच्या वहीत नावे, रकमा आणि दाखल्याची तारीख लिहून ठेवत असे. का, असे विचारल्यावर त्याने सांगितले की, त्याचे आजोबा कुलकर्णी होते आणि घरात एक प्रत ठेवावी असे ते म्हणत. त्याच्याविरुद्ध परिपत्रकाचे उल्लंघन म्हणून खुलासा मागवण्याची टिपणी खालून आली होती. ती मी दप्तरी दाखल केली.

महाराष्ट्रालाही हा अनुभव मोठ्या प्रमाणावर आला, तो कागदांच्या बाबतीत. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, पाच माणसांचे प्राण गेले, चौथ्या मजल्यापासूनचे वरचे मजले जळाले, मुख्यमंत्र्यांची आणि उपमुख्यमंत्र्यांची कार्यालये गेली. जळालेल्या नस्त्या पुन्हा उभ्या करायच्या म्हणजे जिल्ह्यांत आणि इतर कार्यालयांत राहिलेल्या प्रतींकडेच जावे लागते. देशपांड्यांची दफ्तरे पुन्हा कामाला आली म्हणायची. त्यानंतर संगणकावरच्या कारभाराला वेग आला, आणि २०१८ च्या जानेवारीत राज्याने माहिती सार्वजनिक क्लाउडवर नेण्याचे धोरणही जाहीर केले. आता खोली आपली नाही, इमारत आपली नाही. किल्लीचा प्रश्न मात्र पेशवे दफ्तराच्या वेळचाच आहे.

हे सर्व आज पुन्हा लिहायला बसलो त्याला कारण दक्षिण कोरियाचे. त्या देशाने २००५ पासून देजॉन शहरात सरकारी संगणकांचे एकत्रीकरण केले आणि जगभरच्या समित्यांत त्याचे उदाहरण दिले जाई. आमच्याही प्रस्तावात दिले होते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तिथे लिथियम बॅटऱ्यांना आग लागली. ७०९ सरकारी प्रणाली बंद पडल्या, त्यांतल्या ९६ प्रत्यक्ष जळाल्या. सरकारी नोकरांनी आपली कामाची कागदपत्रे स्वतःच्या संगणकावर न ठेवता ज्या सामायिक साठवणीत ठेवावीत असे त्यांना २०१८ पासून सांगितले जात होते, तिची ८५८ टेराबाइट माहिती गेली. ती फार मोठी असल्यामुळे तिची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती.

ही बातमी वाचली त्या संध्याकाळी मी जुन्या कागदांतून २००९ ची टिपणी काढली. तिची कार्यालयीन प्रत कुठे आहे मला ठाऊक नाही. माझ्याकडे घरी एक छायाप्रत आहे. तिसऱ्या अटीसमोर समासात पेन्सिलीने केलेली फुली अजून स्पष्ट दिसते, आणि खाली माझी सही.